मोठेबाबांच्या पेटीतल्या कॅसेट : यंत्र घेण्याआधी काय करायचं

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे : मोठेबाबांनी साधारण १९७८ ते १९९५ या काळात रेडिओवर लागणाऱ्या मुलाखती टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) टेप करून ठेवल्या. पत्र्याच्या पेटीत साठेक कॅसेट आहेत. लेखक-कवी, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले कलावंत, आनंदवन आणि सेवाग्रामकडचे कार्यकर्ते, असं बरंच काही. काहींवर पेनानं नावं लिहिली आहेत, निम्म्याहून जास्त कॅसेटवर काहीच लिहिलेलं नाही. मोठेबाबा आता ८३ वर्षांचे. यूएसबीवाला कॅसेट प्लेअर कोणता घ्यावा, सगळं यूट्यूबवर टाकता येईल का, आणि काम झाल्यावर कॅसेट टाकून द्यायच्या का?

सर, यंत्राचं पुढे सांगतोच. पण तुमचं खरं काम मोठेबाबांपासून सुरू होतं. कॅसेटवरचा आवाज इतकी वर्षं टिकला तसा आणखी सहा महिने टिकेल. तो आवाज कोणाचा हे सांगू शकणारा माणूस मात्र एकच आहे. मी वर्धा जिल्ह्यात राहून गेली कित्येक वर्षं घरगुती कॅसेट आणि स्पूल (मोठ्या चकतीवरच्या जुन्या टेप) संगणकात उतरवून घेण्याचं काम करतो. कधी ग्रंथालयांसाठी, कधी संस्थांसाठी, कधी एखाद्या लेखकाच्या मुलाबाळांसाठी. ज्या पेटीसोबत टेप करणारा माणूस बोलायला होता, त्या पेटीचा संग्रह झाला. बाकीच्या पेट्यांमध्ये आवाज स्वच्छ आहे, गप्पा रंगलेल्या आहेत, आणि बोलतंय कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून यंत्रावर पैसे घालण्याआधी मोठेबाबांजवळ बसा. पुढे सांगितलेली बुरशीची तपासणी करून मगच कॅसेट लावा. पूर्ण कॅसेट ऐकवायची गरज नाही. प्रत्येक बाजूची सुरुवातीची दोन-तीन मिनिटं आणि मधला एखादा तुकडा पुरे. या वयात माणूस लवकर थकतो, तेव्हा सकाळची वेळ धरा आणि एका बैठकीत चार-पाच बाजूंपेक्षा जास्त घेऊ नका. कॅसेट वाजत असताना तुमचा मोबाईल विमान मोडवर टाकून त्यांच्याजवळ ठेवा आणि ते जे बोलतील ते सगळं रेकॉर्ड करा. 'हे कोण?' एवढंच विचारलं तर नाव मिळेल किंवा 'आठवत नाही' असं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : तेव्हा तुम्ही कोणत्या घरात राहत होता? रेडिओ कुठे ठेवलेला असायचा? हाच कार्यक्रम का टेप केला? सोबत कोण ऐकत होतं? आर्वीकडच्या एका आजोबांना पाहुण्याचं नाव काही केल्या आठवेना. मग त्यांना त्या दिवशी घरी कापूस वेचून आलेल्या बायकांचं चुकतं करणं चाललं होतं हे आठवलं, त्यावरून दिवाळीच्या पुढचा महिना निघाला, आणि मग 'अरे, हा तर आपल्या तळेगावचा मास्तर, कविता करायचा' असं म्हणत नाव आपोआप तोंडावर आलं. आठवणीची गाठ कार्यक्रमाशी नसते, घरातल्या दिवसाशी असते.

प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या. क्रमांक डबीवर नको, खुद्द कॅसेटवर, कारण डब्यांची अदलाबदल ठरलेली आहे. एक जाड वही करा. क्रमांक, बाजू, मूळ लेबलवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं, मोठेबाबा काय म्हणाले, आणि तुमचा स्वतःचा अंदाज. हे शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेवा. तुमचा अंदाज आणि त्यांची आठवण एकत्र झाली की दहा वर्षांनी दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही.

काहीच न लिहिलेल्या कॅसेटचा काळ कसा ठरवायचा, हे मला या कामातलं सगळ्यात गोडीचं वाटतं. घरी टेप करणारी माणसं सहसा कार्यक्रमाच्या दोन मिनिटं आधीच बटण दाबायची. त्यामुळे मुलाखतीच्या अलीकडे बातम्यांचं शेपूट, बाजारभाव, उद्घोषकाची सूचना असं काहीतरी सापडतं. तो कचरा समजून कापू नका, तारीख तिथेच दडलेली असते. त्यानंतर मुलाखतीतले उल्लेख टिपा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. कुणी 'चंद्रपूर जिल्ह्यातलं धानोरा' म्हणत असेल तर मुलाखत बहुधा त्याआधीची. बहुधा म्हणतो, कारण जुन्या माणसांच्या तोंडी जुना जिल्हा पुढेही बरीच वर्षं राहतो. 'अमरावती विद्यापीठ' असा उल्लेख आला तर १९८३ किंवा त्यानंतरची. आनंदवनातल्या कुणाशी बोलणं असेल तर बाबा आमट्यांना मिळालेल्या मॅगसेसे पुरस्काराचा, म्हणजे १९८५ चा, उल्लेख येतो का आणि बाबा नर्मदाकाठी राहायला गेल्याचा, म्हणजे १९९० चा, उल्लेख येतो का हे पाहा. सर्वोदयी मंडळींच्या बोलण्यात क्रियापदाकडे कान ठेवा. 'विनोबा म्हणतात' आणि 'विनोबा म्हणायचे' यांच्यामध्ये १५ नोव्हेंबर १९८२ हा विनोबांच्या निधनाचा दिवस उभा असतो. एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर वहीत 'सुमारे' लिहून वर्ष टाका.

केंद्र कोणतं हेही कानानं कळतं. उद्घोषणा कापली गेली असेल तर मागच्या आवाजाकडे लक्ष द्या. नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं, आणि अंधार पडल्यावर मीडियम वेव्हवर लांबची केंद्रं एकमेकांत घुसतात. बोलण्याच्या मागे दुसऱ्याच भाषेतलं गाणं येतंय-जातंय असं वाटलं तर कार्यक्रम संध्याकाळनंतरचा समजायला हरकत नाही. दुपारच्या प्रसारणात अशी सरमिसळ फारशी होत नाही.

आता कॅसेटची तब्येत. पेटी पत्र्याची आहे आणि घर टिनाच्या छताचं असेल तर ती आजच खाली आणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टिनाखालच्या बंद पेटीत काय होत असेल याचा विचार करा. टेप वाकते, कवच वाकडं होतं, थरांवरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो आणि बोलण्याच्या आधी त्याच बोलण्याचा हलका प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. घरातली सगळ्यात थंड, कोरडी, आतली खोली निवडा. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेनं डबीचं प्लॅस्टिक खराब होतं. कॅसेट उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब. आणि सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे चौकोनी तुकडे मोडून टाका. त्यानंतर कुणी चुकून लाल बटण दाबलं तरी जुनं पुसलं जाणार नाही.

मग एकेक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या कडा पाहा. पांढुरकी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट लगेच बाजूला काढा आणि कोणत्याही यंत्रात घालू नका, कारण यंत्राच्या वाटेनं ती बाकीच्यांत पसरते. दाब देणारी छोटी फेल्टची गादी गळून पडली असेल तर आवाज दबका आणि तुटक येतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून टेपच्या दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या कवचात ठेवता येतात. चिकटवलेलं कवच असेल तर ते काम जाणत्या हाताकडे द्या. ९० मिनिटांची टेप ६० मिनिटांच्या टेपपेक्षा पातळ असते, साधारण १२ मायक्रॉन विरुद्ध १८, आणि १२० मिनिटांची तर ९ च्या आसपास. जितकी पातळ तितकी गुंडाळी होण्याची भीती जास्त, म्हणून सराव ६० मिनिटांच्या कॅसेटवर करा आणि १२० मिनिटांच्या सगळ्यात शेवटी घ्या.

यंत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बाजारात हजार-दीड हजारात मिळणारे यूएसबीचे प्लेअर या कामासाठी घेऊ नका. त्यांची मोटर एका गतीनं फिरत नाही, आवाजाची पातळी ते स्वतःच्या मनानं वरखाली करतात, आणि त्यांतून निघालेली फाईल पुढे कितीही सुधारली तरी गेलेलं परत येत नाही. जुना चांगला डेक, म्हणजे फक्त कॅसेट वाजवण्या-भरण्याचं घरगुती यंत्र, मिळवा. नागपूर-अमरावतीकडे जुने टेप दुरुस्त करणारे कारागीर शोधले तर अजून सापडतात. त्यांच्याकडून नवा पट्टा घालून, गती तपासून घ्या. डेकच्या लाईन आऊटमधून वायर साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (टेपचा आवाज संगणकाला समजेल अशा रूपात बदलणाऱ्या छोट्या पेटीत) आणि तिथून संगणकात. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं.

पण त्याआधी विचारतो, मोठेबाबांचा तो टू-इन-वन घरात आहे का? असेल तर भंगारात देऊ नका. टेपवरून आवाज उचलणारं हेड प्रत्येक यंत्रात थोडं वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या यंत्रानं टेप केलं त्याच यंत्राचा कोन त्या कॅसेटशी सगळ्यात जास्त जुळतो. तो दुरुस्त होत असेल तर कधी कधी महागड्या डेकपेक्षा त्यातून आवाज उघडा येतो. आधी एखादी बाजारातली गाण्यांची कॅसेट घालून तो टेप खात नाही ना हे पाहून घ्या. हेडफोनच्या भोकातून आवाज घ्यावा लागेल, तेव्हा बास-ट्रेबल मध्यावर आणि आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा.

डेकवर काम करत असाल तर हा कोन हातानं जुळवावा लागतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, कानाला हेडफोन लावून तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. संगीतावर जाऊ नका, बोलण्यातल्या 'स' आणि 'श'वर कान ठेवा. कोन चुकला असेल तर 'शेत' आणि 'सावकार' हे शब्द गोधडीतून आल्यासारखे वाटतात. कोन बसला की 'श'ची धार एकदम वर येते, पाहुण्याचा श्वास ऐकू येतो, कागद उलटल्याचा आवाज येतो. तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला नव्यानं करावं लागतं. सुरुवातीला वेळ जातो, पण पुढचं सगळं काम या एका स्क्रूवर उभं आहे. हेड दर दोन-तीन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा.

आपल्या भागातल्या कॅसेटमध्ये हमखास सापडणारी एक अडचण सांगून ठेवतो. लाईट गेली की टू-इन-वन सेलवर चालायचा. सेल उतरत आले की मोटर हळू फिरायची आणि टेप हळू गतीनं भरला जायचा. आज तो योग्य गतीनं वाजवला की मुलाखत पुढे पुढे घाईची होत जाते, आवाज बारीक होतो, साठीचा कवी कॉलेजातल्या मुलासारखा बोलू लागतो. हे कॅसेट खराब झाल्याचं लक्षण नाही. मूळ फाईल आहे तशीच ठेवा आणि तिच्या प्रतीवर गती कमी करत न्या. किती कमी करायची हे ठरवायला आधार लागतो. त्याच उद्घोषकाचा किंवा त्याच पाहुण्याचा आवाज दुसऱ्या चांगल्या कॅसेटवर असेल तर तो प्रमाण धरा. आकाशवाणीची संकेतधून कॅसेटमध्ये आली असेल तर त्याहून उत्तम, तिचा स्वर तुम्हाला कुठेही ताडून पाहता येतो.

मूळ फाईल म्हणजे वेव्ह (आवाज न दाबता ठेवणारी WAV फाईल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन चॅनलमध्ये तासाला साधारण एक जीबी होते, म्हणजे तुमची सगळी पेटी साठ ते नव्वद जीबीत मावेल. या फाईलवर खरखर घालवणं, आवाज वाढवणं, सुरुवात-शेवट कापणं यातलं काहीही करायचं नाही. ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपीथ्री काढा आणि काय सफाई करायची ती त्या एमपीथ्रीत करा. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर माणसाच्या आवाजातलंही काहीतरी सोबत नेतं. आज ते कळत नाही, पुढे चांगली पद्धत आली तर मूळ हाताशी पाहिजे. तीन प्रती ठेवा : दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावात, भावाकडे किंवा बहिणीकडे. पेनड्राईव्ह जतन करायला नाही, फक्त नेण्या-आणण्याला. कॅसेट उतरवायला ती वाजते तेवढाच वेळ लागतो, त्याला पर्याय नाही. रोज एक बाजू असं धरलं तर चार महिन्यांत साठ कॅसेट संपतात.

मुलाखती लिहून काढणार असाल तर एक विनंती. वऱ्हाडी बोलणाऱ्याचं वऱ्हाडीच लिहा, झाडीबोलीतल्या दंडारवाल्याचं (दंडार म्हणजे तिकडचं लोकनाट्य) झाडीबोलीतच. 'मले' चं 'मला' करू नका. मुलाखत घेणारा प्रमाण भाषेत विचारतो आणि पाहुणा पहिली पाच मिनिटं जपून, पुस्तकी उत्तरं देतो. मग कुठेतरी आईची, बैलाची किंवा पहिल्या नाटकाची गोष्ट निघते आणि बोली सुटते. मुलाखत तिथून खरी सुरू होते. लिहून काढणाऱ्यानं सगळं सारखं करून टाकलं तर हे वळण वाचणाऱ्याला दिसतच नाही.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा सांगतो : बुरशी पाहून आधी मोठेबाबा, मग वही, मग कॅसेटची बाकीची तपासणी, मग यंत्र. आता यूट्यूब.

मी वकील नाही, पण या कामात कायदा पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. घरी ऐकण्यासाठी टेप करणं हा गुन्हा नव्हता आणि नाही. ते लोकांसमोर ठेवणं ही वेगळी गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारण करणाऱ्याचा प्रसारणावरचा हक्क पुढच्या कॅलेंडर वर्षापासून २५ वर्षं चालतो. १९८५ च्या कार्यक्रमावरचा हा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. बरेच जण इथेच थांबतात आणि सगळं मोकळं झालं असं समजतात. पण ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा, आणि तो ६० वर्षांचा आहे. पाहुण्यानं वाचलेल्या कवितेचा हक्क तिसराच, कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. समजा एखाद्या कॅसेटमध्ये सुरेश भट स्वतःची गझल म्हणत आहेत. ते २००३ साली गेले, म्हणजे त्या गझलेवरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत वारसांकडे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत २०२८ अखेर संपते. त्यामुळे 'सगळं टाकता येईल का' याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि 'काही टाकता येईल का' याचं उत्तर कॅसेटनुसार बदलतं. ज्या मुलाखती लोकांसमोर आणाव्यात असं वाटतं त्यांची यादी करून आकाशवाणीला लेखी कळवा आणि पाहुण्याच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. यादीचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या काळी जगभरच्या प्रसारण केंद्रांत टेप महाग असल्यानं पुसून पुन्हा वापरायची रीत होती, त्यामुळे एखाद्या मुलाखतीची तुमच्याकडची प्रत हीच उरलेली असू शकते. पत्रात तसं लिहा आणि प्रत देण्याची तयारी दाखवा.

संमती मिळाली तरी कार्यकर्त्यांच्या मुलाखती टाकण्याआधी पूर्ण ऐका. कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारा माणूस बोलण्याच्या ओघात एखाद्या रुग्णाचं नाव, गाव सांगून जातो. १९८० साली ते रेडिओवरून एकदा ऐकू आलं आणि हवेत विरलं. आज इंटरनेटवर गावाचं नाव शोधलं की ते समोर येईल, आणि त्या रुग्णाची नात त्याच गावात लग्नाची असेल. दारू, सावकारी, जमिनीची भांडणं यांवरच्या मुलाखतींतही हेच. मूळ फाईलला हात लावू नका, लोकांसाठीच्या प्रतीत तेवढं नाव वगळा आणि वगळल्याची नोंद वहीत करा.

राहिला कॅसेट टाकून देण्याचा प्रश्न. टाकू नका. तुमच्या तालुक्यात अ किंवा ब वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय असेल आणि तिथले ग्रंथपाल मनापासून काम करणारे असतील तर मोठेबाबांच्या संमतीनं कॅसेट, वही आणि एक हार्ड डिस्क तिथे द्या. यामागे कायद्याचंही कारण आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या वस्तूची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायची मुभा कायद्यानं दिली आहे, मात्र मूळ वस्तू ग्रंथालयाकडे असावी लागते. नुसत्या फाईली दिल्या तर ही मुभा लागू होत नाही, कॅसेटसह दिल्या तर होते. देताना साध्या कागदावर दानपत्र करा : किती कॅसेट, क्रमांक काय, कोणी टेप केल्या, ऐकायला कोणाला द्यायच्या. खाली मोठेबाबांची सही घ्या, आणि टेप करणारे म्हणून त्यांचं पूर्ण नाव संग्रहाला लावायला सांगा. बुरशी लागलेल्या कॅसेट वेगळ्या डब्यात, तसं लिहून द्या, म्हणजे तिथे कुणी त्या बाकीच्यांत मिसळणार नाही.

ग्रंथालय मिळालं नाही, किंवा तिथल्या कपाटालाच वाळवी दिसली, तर घाई करू नका. तोवर ती आतली थंड खोली बरी. पहिल्या दहा कॅसेटची वही भरून झाली की तिची पानं इथे टाका. ओळख न पटलेल्या आवाजांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे मला थेट पाठवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे दोन जुने नाट्यकर्मी आणि अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्यासाठी असे आवाज ऐकून सांगतात, त्यांना मी ते ऐकवतो.